संगणकाची निगा, हिशेबाची निगा

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत मागाला वेळच्या वेळी तेल दिले जाते आणि आवाज जरा बदलला की जॉबरला हाक मारली जाते. माग बंद पडण्याची वाट कोणी पाहत नाही, कारण बंद मागाची मजुरी बुडते. त्याच कारखान्याच्या कचेरीतील संगणकाकडे मात्र तो बंद पडेपर्यंत कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक जमाखर्च, उधारी, मालाचा साठा आणि बिले आज त्याच पेटीत असतात. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला. त्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपले हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. संगणक नवा घेता येतो, पण गेलेला हिशेब बाजारात मिळत नाही.

संगणकाचा पहिला शत्रू धूळ. आतला पंखा हवा खेचतो आणि तिच्याबरोबर सुताचे तंतू किंवा लाकडाचा भुसाही. ते आत साचले की उष्णता बाहेर पडत नाही. प्रोसेसर तापतो, आपला वेग कमी करतो आणि शेवटी यंत्र अचानक बंद पडते. दुकानात व घरी दर तीन महिन्यांनी आणि कारखान्यात दरमहा सफाई करावी. वीज बंद करून वायर काढावी, ब्लोअरने धूळ उडवावी, मात्र त्या वेळी पंखा फिरू न देता धरून ठेवावा. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नये.

दुसरा शत्रू वीज. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. यूपीएसची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते. महिन्यातून एकदा सर्व काम जतन करून यूपीएसचा मुख्य पुरवठा बंद करावा आणि संगणक किती मिनिटे चालतो ते पाहावे. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये, तो एकदम फार वीज ओढतो. संगणकाची तारीख वारंवार मागे जाऊ लागली तर आतला नाण्याएवढा सेल बदलावा, नाहीतर बिलांवर चुकीची तारीख पडते.

तिसरा शत्रू व्हायरस. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांतील फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. ते ज्या भोकातून शिरले ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्यासाठी ती वाट बंद झाली होती. म्हणून ‘अपडेट’ची सूचना रोज पुढे ढकलू नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्याकडे अजून तेच आहे त्यांनी बदलाचा विचार लवकर करावा.

एवढे करूनही डिस्क कधीतरी जाणारच. म्हणून हिशेबाची दुसरी प्रत हवी. आमचा सल्ला असा की, दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून वापराव्यात. एक दुकानात, दुसरी घरी ठेवावी, म्हणजे आग लागली किंवा चोरी झाली तरी एक वाचते. प्रत घेतल्यावर डिस्क लगेच काढावी, कारण जोडलेल्या डिस्कलाही व्हायरस कुलूप लावतो. आणि मधूनमधून ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हेच. डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर काम थांबवावे आणि आधी प्रत घ्यावी.

या कामांना मोठा खर्च नाही. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास राखून ठेवावा. कोणी काय तपासले याची नोंद एका साध्या वहीत तारखेसह करावी आणि ते काम एका ठरावीक माणसाकडे सोपवावे. सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.