कॅन्सरच्या गोळीने रक्तातली साखर का वाढते?

स्तनाच्या कॅन्सरवर अल्पेलिसिब नावाची गोळी दिली जाते. मुख्य चाचणीत ती घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांची साखर वाढली. कॅन्सरच्या गोळीचा साखरेशी काय संबंध? उत्तर आहे 'पीआय३के' या एन्झाइमच्या कुटुंबात.

पीआय३के काय करतं?

पेशीच्या आवरणात मेदाचे रेणू असतात. त्यातल्या 'पिप-२' या रेणूला पीआय३के एक फॉस्फेट जोडतं आणि त्याचा 'पिप-३' होतो. फॉस्फेट नेमका कुठे जोडला जातो, हे ल्युइस कँटली यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं. पिप-३ तयार झाला की 'एकेटी' हे प्रथिन आवरणाला येऊन चिकटतं आणि पेशीला निरोप देतं: वाढ, जगत राहा. काम झालं की 'पीटेन' हे दुसरं एन्झाइम तो फॉस्फेट काढून टाकतं. एक बटण चालू करतं, दुसरं बंद करतं.

साखरेशी संबंध काय?

जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढतं. ते स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना मिळालं की आत पीआय३के कामाला लागतं आणि ग्लुकोज आत घेण्याची दारं उघडतात. ग्लुकोज कमी सोड, हा निरोप यकृतालाही याच मार्गाने मिळतो.

आणि कॅन्सरशी?

या कुटुंबातल्या 'अल्फा' प्रकाराचं जनुक म्हणजे 'पीआयके३सीए'. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये सुमारे ४० टक्के रुग्णांच्या गाठीत या जनुकात बिघाड सापडतो. बटण चालूच राहतं, पेशी वाढत सुटतात.

मग औषधाने काय होतं?

अल्पेलिसिब अल्फा प्रकाराला रोखतं. अमेरिकेत त्याला मे २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. असा बिघाड असलेल्या रुग्णांमध्ये फुलवेस्ट्रंटसोबत ते दिल्यावर आजार सरासरी ११ महिने आटोक्यात राहिला. नुसत्या फुलवेस्ट्रंटने ५.७ महिने. पण इन्सुलिनचा निरोपही अल्फाच नेतं. ते अडलं की साखर रक्तातच राहते.

साखर वाढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे जादा इन्सुलिन गाठीतला तोच मार्ग पुन्हा सुरू करू शकतं, असं २०१८ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं. म्हणूनच या उपचारात साखर वारंवार तपासतात. ती वाढली तर गोळी परस्पर बंद करू नका, मनाने पथ्यही सुरू करू नका. आधी डॉक्टरांना सांगा.