स्पॅनिशचं दुसरं वर्ष आणि आपलं 'करून राहिलो'

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

आजचा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडहून आलाय. मोताळा तालुक्यातलं गाव. बारावीला असलेला आपला एक श्रोता म्हणतो, "वर्षभर मोबाईलवर स्पॅनिश शिकून राहिलो. पहिले पहिले मजा आली, आता गाडी अडकली. माझं इंग्रजी कच्चं आहे, म्हणून होत नसेल का?"

याच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. कसं ते सांगतो, जरा थांबा.

आधी परिस्थिती बघू. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या विषयांत फ्रेंच, जर्मन, जपानी यांच्यासोबत स्पॅनिशही आहे. पण यादीत विषय असणं वेगळं आणि कॉलेजात शिकवणारा माणूस असणं वेगळं. परकीय भाषा शिकवणारी ज्युनियर कॉलेजं मुख्यतः मुंबई-पुण्यासारख्या शहरांत. बाकीच्यांनी काय करायचं? मोबाईल. आणि मोबाईलवरचे बहुतेक धडे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. त्याला जे अवघड जातं तेच अवघड म्हणून शिकवतात, त्याच्याच पद्धतीने समजावतात. आपण मध्ये उगाच इंग्रजीचा टोल भरतो.

पहिल्या वर्षी हे जाणवत नाही. नमस्कार, आकडे, रंग, घरातली माणसं, एवढंच असतं. अडकतं ते दुसऱ्या वर्षी. अमेरिकेत हायस्कूलमधली मुलं स्पॅनिश घेतात, त्यात तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलंही असतात. तिथेही साधारण दुसऱ्या वर्षाच्या वर्गातच 'आवडणे'ची वाक्यं आणि दोन प्रकारचे भूतकाळ नीट घासून घेतात. इंग्रजी डोक्याने विचार करणाऱ्याचा घाम तिथेच निघतो. आता हेच मुद्दे मराठीतून बघा.

'मला आंबा आवडतो.' इंग्रजीत इथे 'मी' कर्ता असतो. मराठीत आवडणारी वस्तू कर्ता, आणि मी बाजूला 'मला' होऊन बसलेला. स्पॅनिशमध्ये? 'मे गुस्ता एल मांगो.' 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो. आंबे अनेक झाले की 'मला आंबे आवडतात', तसंच 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्यांप्रमाणे बदललं, माझ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून शिकणारा 'यो गुस्तो' म्हणून मोकळा होतो, कारण 'यो' म्हणजे मी. आणि ते चुकतं. तुम्ही घरी लहानपणापासून 'मला भेंडी आवडत नाही' म्हणत आलात, तुम्हाला हा नियम पाठ करायची गरजच नाही. आपल्याकडे आवडतो-आवडते-आवडतं असं लिंगही बघावं लागतं. स्पॅनिशमध्ये इथे फक्त एक की अनेक, एवढंच. म्हणजे सूटच मिळाली!

दुसरी गोष्ट तर मला फारच आवडते. 'मी चावी शोधतोय' आणि 'मी भावाला शोधतोय'. चावीला 'ला' नाही, भावाला 'ला' आहे. का, ते शाळेत कोणी समजावलं नव्हतं, तरी आपण कधी चुकत नाही. स्पॅनिशमध्ये अगदी हेच. 'बुस्को ला यावे' म्हणजे चावी शोधतोय. (इथलं 'ला' नामाआधी येणारं, स्त्रीलिंग दाखवणारं, आपल्या 'ला'शी त्याचा संबंध नाही.) 'बुस्को आ मि एर्मानो' म्हणजे भावाला शोधतोय. माणूस आला की मध्ये 'आ' घुसतो. हरवलेल्या लाडक्या कुत्र्यासाठीही 'आ' लावतात, जसं आपण 'कुत्र्याला शोधतोय' म्हणतो. इंग्रजीत असं काहीच नाही, म्हणून पुस्तकं या 'आ'वर वेगळा धडा लिहितात.

आता भूतकाळ. हा खरा डोंगर समजतात. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत. एक, घडलं आणि संपलं. दुसरा, तेव्हा चालू होतं किंवा नेहमी व्हायचं. इंग्रजीवाले नियमांचे तक्ते पाठ करतात. तुम्ही फक्त मराठी वाक्य मनात म्हणा. रोहिणखेडची जुनी मशीद १५८२ साली खुदावंत खानाने बांधली. 'बांधली', विषय संपला: 'कोन्स्त्रुयो'. आजोबा दर आठवड्याला बाजाराला जायचे. 'जायचे', सवय: 'इबा'. तेच आजोबा काल बाजाराला गेले: 'फुए'. मी लहानपणी पोहायचो, 'नादाबा'. काल पोहलो, 'नादे'. 'यचो-यची-यचे' कानावर आलं की दुसरा भूतकाळ. 'करत होतो' आलं, तरी बहुतेक वेळा तोच. शंभरातली सगळी उदाहरणं यात बसणार नाहीत, पण सुरुवातीला एवढं पुरेसं आहे.

आणि आता आपल्या मित्राचं 'शिकून राहिलो'. वऱ्हाडात आपण 'काय करून राहिला?' म्हणतो. पुण्याला गेलं की यावर हसणारे भेटतात. स्पॅनिशमध्ये 'मी शिकून राहिलो' कसं म्हणतात? 'एस्तॉय आप्रेन्दिएन्दो.' 'आप्रेन्दिएन्दो' हे क्रियापदाचं न बदलणारं रूप, आपल्या 'शिकून'सारखं. मुलगा बोलो की मुलगी, एक असो की दहा, ते तसंच राहतं. बदलतं ते सोबतचं 'एस्तॉय'. ते ज्या 'एस्तार' क्रियापदापासून आलं, त्याचं लॅटिन मूळ 'स्तारे', आणि त्याचा अर्थ 'उभं राहणं'. राहणं! दोन भाषांचा एकमेकींशी काही करार झाला नव्हता, पण चालू क्रिया सांगायला दोघींनी सारखीच युक्ती काढली. 'के एस्तास आसिएन्दो?' म्हणजे 'काय करून राहिला?' प्रमाण मराठीतल्या 'करत आहेस'पेक्षा आपलं वऱ्हाडीच इथे जास्त जवळ जातं.

उच्चाराचं पटकन सांगतो. रोमन अक्षरं दिसली की आपण इंग्रजी वाचायला लागतो, तिथे घोटाळा होतो. २०१७ सालचं ते गाजलेलं गाणं आपल्याकडे 'डेस्पासिटो' म्हणून फिरलं. खरा उच्चार 'देस्पासितो'. स्पॅनिशमध्ये ट-ड नाहीतच, त-द आहेत. स्वर पाच, आणि ते लिहिल्यासारखेच वाचायचे. म्हणून नवा शब्द वहीत देवनागरीत लिहा. सुरुवातीला तरी खूप मदत होते.

काही शब्द तर घरातच आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिने मराठीला बरंच काही दिलंय. दाराची बिजागरी स्पॅनिशमध्ये 'बिसाग्रा'. पगार ज्यातून आला ते 'पागार', म्हणजे पैसे देणं. मेज म्हणजे 'मेसा'. फक्त बटाट्याला जपा: स्पॅनिशमध्ये 'बताता' मागितला तर बऱ्याच ठिकाणी रताळं मिळेल.

मराठी सगळीकडे कामाला येते असंही नाही हं. आपल्या एका 'आहे'साठी तिथे 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदं आहेत, आणि कुठे कोणतं हे शिकावंच लागतं. आपली तीन लिंगं, त्यांची दोनच. त्यामुळे आपलं नपुंसकलिंगी 'घर' तिथे 'ला कासा' होऊन बाई बनतं. हे घोकावं लागेल.

शेवटी बारावीनंतरचं. दिल्लीच्या जेएनयूमध्ये आणि हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठात स्पॅनिशची बी.ए. आहे, आणि तिथे भाषा अगदी पहिल्या अक्षरापासून शिकवतात. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, कोणाच्या स्टेटसवर जाऊ नका. घरी बसून शिकणाऱ्यांसाठी 'देले' परीक्षा आहे, स्पेन सरकारच्या वतीने सेर्वान्तेस संस्था घेते. तिचं प्रमाणपत्र कायमचं असतं. पायऱ्या सहा, ए-वनपासून सी-टूपर्यंत. पण खरं सांगतो, पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर नोकरी मिळत नाही. भाषेच्या कामासाठी निदान चौथी पायरी, म्हणजे बी-टू, धरून चला, आणि तिथे पोचायला काही वर्षं लागतात. तीन महिन्यांत फाडफाड स्पॅनिश, अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका.

आणि हो, इंग्रजीही लागतंच. प्रवेशाचे अर्ज, पुस्तकं, व्हिडिओ, बरंच त्यातच आहे. पण ते कच्चं आहे म्हणून स्पॅनिश थांबवायचं कारण नाही.

तर रोहिणखेडच्या मित्रा, या आठवड्यात एक कर. झोपायच्या आधी दिवसभराची पाच वाक्यं घरच्या बोलीत मनात म्हण, आणि तिथून थेट स्पॅनिशमध्ये ने. इंग्रजीला मध्ये येऊ देऊ नको. जमली ती वाक्यं व्हॉइस नोट करून पाठव. पुढच्या भागात 'सेर' आणि 'एस्तार'चं भांडण सोडवायला घेऊ, त्यात तुझीच वाक्यं वापरू.