मातीविना वाढणारी मुळे : प्रयोगशाळेतील बायोरिॲक्टर आणि औषधी पिके

सर्पगंधेचे औषधी मूल्य तिच्या मुळांत आहे आणि तेच तिच्या ऱ्हासाचे कारण ठरले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील सर्पगंधेच्या उपयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९५२ मध्ये तिच्या मुळांतून रिसर्पिन हा घटक वेगळा करण्यात आला आणि जगभरातून मागणी वाढली. पान तोडले तर झाड पुन्हा फुटते. मूळ काढायचे तर झाडच उपटावे लागते. लागवडीतही मुळे काढणीस येण्यास दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो, त्यामुळे जंगलातील रोपांवर कुदळ पडत राहिली. आज सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे. झाड न उपटता केवळ मुळेच वाढवता येतील काय, हा प्रश्न या पार्श्वभूमीवर महत्त्वाचा ठरतो.

तत्त्वतः हे शक्य असल्याचे १९३४ मध्येच सिद्ध झाले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ फिलिप व्हाइट यांनी टोमॅटोच्या मुळांची तोडलेली टोके द्रव माध्यमात अमर्याद काळ वाढवता येतात हे दाखविले. तथापि बहुतेक वनस्पतींची तोडलेली मुळे इतकी सोशिक नसतात. ती मंद वाढतात. ही अडचण दूर केली ती एका रोगकारक जिवाणूने.

ॲग्रोबॅक्टेरियम रायझोजेनिस हा जमिनीतील जिवाणू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत सोडतो. त्या तुकड्यातील जनुकांमुळे जखमेच्या जागी भराभर मुळे फुटतात. सफरचंदाच्या रोपवाटिकांमध्ये हा उपद्रव ‘केसाळ मुळांचा रोग’ म्हणून ओळखला जातो. प्रयोगशाळेत निर्जंतुक रोपाच्या पानाला किंवा कोवळ्या खोडाला मुद्दाम जखम करून तेथे हा जिवाणू लावतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत बारीक मुळे दिसू लागतात. ती कापून प्रतिजैविकयुक्त माध्यमावर वारंवार हलवली की जिवाणू नाहीसा होतो आणि त्याने दिलेला गुण मुळात कायम राहतो. अशी मुळे बाहेरून संप्रेरक न देताही वाढतात, भरपूर फांद्या फोडतात आणि मूळ वनस्पतीच्या मुळांत तयार होणारी द्रव्ये बहुधा तयार करीत राहतात.

‘बहुधा’ हा शब्द येथे जपून वापरला आहे. जे द्रव्य वनस्पती मुळात बनवीत नाही, ते मुळांच्या संवर्धनातूनही मिळत नाही. सदाफुलीचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. तिच्या केसाळ मुळांत अजमॅलिसिन मिळते. परंतु कर्करोगावरील व्हिनब्लास्टिनसाठी लागणारा विन्डोलिन हा घटक पानांतच पूर्णत्वास जात असल्याने मुळांच्या पात्रातून व्हिनब्लास्टिनची अपेक्षा ठेवता येत नाही.

फ्लास्कमधील काही ग्रॅम मुळांकडून पाच लिटरच्या बायोरिॲक्टरकडे जाताना खरी कसोटी लागते. बायोरिॲक्टर म्हणजे काच किंवा स्टीलचे निर्जंतुक पात्र. त्यात साखर, क्षार व जीवनसत्त्वे असलेले द्रव माध्यम आणि खालून येणारी, ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून शुद्ध केलेली हवा. वर्णन साधे वाटते. मात्र मुळांना श्वास घ्यावा लागतो आणि पाण्यात प्राणवायू फारच थोडा विरघळतो. २५ अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम, तर तितक्याच हवेत त्याच्या तीसपटीहून अधिक प्राणवायू असतो. पाणी साचलेल्या शेतात पीक का पिवळे पडते हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला ही अडचण चटकन उमगेल. बायोरिॲक्टरची सारी खटपट ही एका अर्थाने पाण्यात वाफसा निर्माण करण्याची खटपट आहे.

जिवाणू किंवा यीस्टच्या टाकीत पाती फिरवून द्रव घुसळता येतो. मुळांना ते मानवत नाही. पात्यांनी ती तुटतात आणि जखमांवर आकारहीन पेशींचे गाठाळ पुंजके वाढू लागतात. म्हणून पात्यांऐवजी बुडबुड्यांनीच द्रव हलवला जातो. त्यासाठी उभे नळकांडे किंवा फुग्याच्या आकाराचे पात्र वापरतात. तरीही तीन-चार आठवड्यांत मुळांचा एकमेकांत गुंतलेला घट्ट गोळा बनतो. बुडबुडे त्याला वळसा घालून निघून जातात आणि आतली मुळे गुदमरून काळी पडतात. यावर उपाय म्हणून पात्रात जाळी बसवून मुळांना त्यावर आधार देतात. काही रचनांत मुळे जाळीवर उघडीच ठेवून माध्यमाचे सूक्ष्म तुषार सोडतात, तर काहींत दिवसातून ठरावीक वेळा काही मिनिटेच द्रव वर चढवून पुन्हा उतरवतात. तुषारपद्धतीत हवा मुबलक मिळते, परंतु नोझल चोंदण्याची धास्ती असते. ठिबक वापरणाऱ्यांना ती नवी नाही.

चालू पात्रातील मुळांचे वजन करता येत नाही, कारण झाकण उघडले की बुरशी आत आलीच. म्हणून माध्यमाची विद्युतवाहकता मोजतात. मुळे क्षार शोषून घेतात तशी वाहकता उतरते आणि त्यावरून वाढीचा अंदाज येतो. माती-पाणी परीक्षणात ईसी मोजतात, तेच हे माप. वाढ पुरेशी झाल्यावर मिथाइल जॅस्मोनेटसारखे उद्दीपक देतात. वनस्पतीला तो कीड-रोगाच्या हल्ल्याचा इशारा भासतो आणि ती संरक्षक द्रव्ये वाढवते. मात्र त्याने वाढ मंदावते, म्हणून ही मात्रा शेवटच्या टप्प्यातच दिली जाते.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न : या पात्रांमुळे अश्वगंधेसारख्या पिकाचा बाजार जाईल काय? साधा हिशोब मांडून पाहावा. लिटरमागे १० ग्रॅम सुकी मुळे मिळतात असे धरले, तर चार लिटर माध्यमाच्या एका पात्रातून महिना-दीड महिन्यात ४० ग्रॅम मिळतील. कोरडवाहू शेतातील हेक्टरी ४ क्विंटल सुक्या मुळांची बरोबरी करण्यास ४०,००० लिटर माध्यम लागेल. त्यात लिटरमागे ३० ग्रॅम या दराने १२ क्विंटल साखर खर्ची पडेल. वीज, वाफेने निर्जंतुकीकरण आणि कुशल मनुष्यबळ वेगळेच. सहा महिन्यांत हलक्या जमिनीतही येणाऱ्या मुळाशी हे पात्र किमतीत स्पर्धा करू शकत नाही. कोरियातील जिनसेंगची गोष्ट निराळी. शेतात त्याला पाच-सहा वर्षे लागतात, म्हणून तेथे १०,००० लिटरच्या पात्रांपर्यंत मजल गेली. त्या पात्रांत जिवाणूविना, केवळ ऑक्झिन संप्रेरकाने फुटवलेली आगंतुक मुळे वाढवतात. परकीय जनुकाचा प्रश्न तेथे उद्भवत नाही. सर्पगंधा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे. घरगुती बायोरिॲक्टरमधून औषधी मुळांचे उत्पन्न मिळवून देण्याचे आमिष कोणी दाखवीत असेल, तर विस्तार कार्यकर्त्यांनी वरील हिशोब त्याच्यासमोर मांडावा.

मुळांच्या संवर्धनाचा एक लाभ मात्र शेतापर्यंत पोहोचलेला आहे. मायकोरायझा बुरशी जिवंत मुळाविना आपले जीवनचक्र पूर्ण करू शकत नाही. गाजराच्या केसाळ मुळांवर तिचे निर्जंतुक संवर्धन करण्याची पद्धत १९८० च्या दशकात रुजली आणि दिल्लीच्या टेरी संस्थेने या मार्गाने विकसित केलेले तंत्र उद्योगांना दिले. येथे खळखळते पात्र फारसे उपयोगी पडत नाही. बुरशीचे नाजूक तंतू हलत्या द्रवात तुटतात, म्हणून जेलीसारखे स्थिर माध्यम पसंत केले जाते. त्या माध्यमात स्फुरद मुद्दाम अत्यल्प ठेवतात, कारण तो मुबलक मिळाला की मूळ बुरशीला थारा देत नाही. शेतातही हेच घडते. स्फुरदयुक्त खताची भरघोस मात्रा देऊन सोबत मायकोरायझा वापरणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. हे जैविक खत खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत येते. खरेदी करताना वेष्टनावरील क्षमता व अंतिम मुदत तपासावी, ते उन्हात ठेवू नये आणि मुळांच्या सान्निध्यातच द्यावे. कोबी, फुलकोबी, मुळा व मोहरी या कुळातील पिकांना ते देऊ नये. त्यांची मुळे या बुरशीशी नातेच जोडत नाहीत.