गुडघ्यातून फुफ्फुसाकडे

कोल्हापुरात गुडघा दुखायला निमित्त शोधावं लागत नाही. इथं तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ उतरतात, पाटाकडील किंवा दिलबहारचा सामना असला की शाहू स्टेडियम भरून जातं, आणि आखाड्यातल्या पोरांना मुका मार रोजचाच. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा गुडघा सुजला की घरचे शेकतात, लेप लावतात, मालीश करवून घेतात. बहुतेकदा सूज उतरतेही. पण आठवड्यांमागून आठवडे गेले तरी न हटणारी, रात्री झोपू न देणारी, वाढतच जाणारी सूज क्वचित ऑस्टिओसार्कोमाची असते. हा हाडातच उपजणारा कर्करोग.

मार लागल्यानं तो होत नाही. मार लागल्यावर तपासणी होते आणि तो उघडकीला येतो. वयात येताना जी हाडं झपाट्यानं वाढतात, तिथं तो जास्त आढळतो: मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, दंडाच्या हाडाचा खांद्याजवळचा भाग.

हाडातली गाठ काढता येते. जीव जातो तो बहुधा फुफ्फुसातल्या फैलावानं. १९७० पूर्वी पाय कापूनही सुमारे ८० टक्के रुग्ण दगावत, कारण शस्त्रक्रियेआधीच काही पेशी रक्तावाटे फुफ्फुसात पोचलेल्या असत. केमोथेरपी आली आणि चित्र पालटलं. निदानाच्या वेळी फैलाव नसेल, तर आता ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांपलीकडे जगतात. फैलाव झालेला असेल, तर मात्र हे प्रमाण खूप खाली येतं.

हाडातली पेशी परक्या फुफ्फुसात तगते कशी? खरं तर तिथं पोचलेल्या बहुतेक पेशी लवकरच मरतात. ज्या थोड्या उरतात, त्यांच्याकडे काय असतं, याचा माग काढताना संशोधक एझ्रिन नावाच्या प्रथिनापाशी पोचले.

पेशीच्या आत ॲक्टिनच्या तंतूंचा सांगाडा असतो आणि बाहेरून पातळ आवरण. मांडवाचं कापड बांबूला सुतळीनं बांधतात, तसं एझ्रिन हे आवरण सांगाड्याला बांधतं. त्याचं एक टोक आवरणातल्या प्रथिनांना धरतं, दुसरं ॲक्टिनला. काम नसताना ही दोन्ही टोकं एकमेकांवर दुमडलेली असतात. ठरावीक जागी फॉस्फेटचा गट जोडला गेला की प्रथिन उघडतं, बांधणी होते आणि पेशीला आकार बदलण्याचं, सरकण्याचं बळ येतं. बाहेरचे संदेशही याच जोडणीतून आत पोचतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत चांद खन्ना आणि सहकाऱ्यांनी २००४ साली यासंबंधीचा अभ्यास प्रसिद्ध केला. उंदरांच्या ऑस्टिओसार्कोमा पेशींमधलं एझ्रिन त्यांनी कमी केलं, तेव्हा फुफ्फुसातल्या गाठी खूपच घटल्या. पेशी तिथं पोचत होत्या, पण सुरुवातीच्या काळातच मरत होत्या. खन्ना मूळचे पशुवैद्य. मोठ्या जातीच्या कुत्र्यांनाही हा आजार होतो, म्हणून त्यांचे नमुनेही तपासले गेले. गाठीत एझ्रिन जास्त असलेल्या कुत्र्यांमध्ये फैलाव लवकर दिसला. मुलांमध्येही जास्त एझ्रिनचा संबंध आजार उलटण्याशी आढळला. पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पेशी फुफ्फुसात उतरताच एझ्रिन उघडं असतं, गाठ वाढू लागली की मिटतं आणि पसरणाऱ्या कडेला पुन्हा उघडतं. ही उघडझाप प्रोटीन कायनेज सी हे विकर सांभाळतं.

महाराष्ट्रात अशा जोड-प्रथिनांवर नवी मुंबईत खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन केंद्रात काम झालं आहे. डॉ. व्ही. आर. खानोलकर ज्या संस्थेचे पहिले संचालक होते आणि जिथं कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, तीच संस्था पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा हा भाग झाली. तिथं डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटानं तोंडाच्या कर्करोगात प्लेक्टिनसारख्या जोड-प्रथिनांचा, तर डॉ. सोराब दलाल यांच्या गटानं प्लाकोफिलिन-३ चा अभ्यास केला. प्लाकोफिलिनची गोष्ट एझ्रिनच्या उलट आहे: ते घटलं की पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि फैलाव वाढतो. म्हणजे जोड-प्रथिनं सरसकट शत्रू नव्हेत.

औषध बनवणं अवघड आहे ते त्यामुळेच. एझ्रिन रोखणारी रसायनं सापडली, उंदरांमध्ये त्यांनी फैलाव कमीही केला. पण निरोगी आतड्यालाही एझ्रिन लागतं. ते अजिबात नसलेले उंदीर अंगावरचं दूध सुटण्यापलीकडे जगत नाहीत. अशा औषधाची वाट पाहताना आजच्या रुग्णाला आधार आहे तो वेळेवर झालेल्या निदानाचा.

म्हणून न ओसरणाऱ्या सुजेवर मालीश थांबवावं आणि जवळच्या दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात साधा एक्स-रे काढावा. शंका आलीच तर गाठीचा तुकडा तपासण्याचं काम शस्त्रक्रिया होणार असेल त्याच केंद्रात व्हावं, कारण चुकीच्या जागी घेतलेल्या छेदामुळे पाय वाचवणं अवघड होतं. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या केंद्रांत आधी केमो देऊन, गाठ काढून, कृत्रिम सांधा बसवून पाय राखला जातो. उपचार संपल्यावरही काही वर्षं ठरावीक काळानं छातीची तपासणी करतात. मुलगा चालू लागला म्हणून ती फेरी चुकवू नये. फुफ्फुसातल्या गाठी लहान आणि मोजक्या असताना सापडल्या, तर त्या शस्त्रक्रियेनं काढता येतात आणि त्यातले काही रुग्ण कायमचे बरे होतात.