खळ्यावरचा आरोग्य विमा

शेतमजुराच्या घरात दुखणं शिरतं ते बहुधा पावसाळ्यात, कणगी रिकामी असताना. तेव्हा वर्गणी मागायची ती कणगी भरलेली असतानाच. एवढ्या साध्या हिशेबावर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात कस्तुरबा रुग्णालयाने १९८०च्या दशकात भोवतालच्या गावांसाठी ज्वारीचा आरोग्य विमा उभा केला. डॉ. उल्हास जाजू त्यात पुढे होते.

सुरुवात गावाच्या सभेपासून. किमान ७५ टक्के कुटुंबं तयार झाली तरच गाव योजनेत. अट जाचक वाटते, पण सगळी मेख तिथेच आहे. मोकळीक दिली तर ज्याच्या घरात आजारी माणूस आहे तोच नाव नोंदवील, धडधाकट घरं ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतील आणि फंड वर्षभरात आटेल. शिवाय एवढी घरं जमवायची तर मजुरांची वस्ती वगळून भागत नाही.

मग सुगी. ज्वारी हाती आली की घरोघरची वर्गणी गोळा करायची. भूमिहीनाने थोडी द्यायची, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. उपचार मात्र दोघांना सारखेच. कोणाची शेती किती, हे गावात झाकून राहत नाही. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, तहसील कचेरीचे हेलपाटेही वाचतात.

या गावनिधीतून गावच्या आरोग्यसेविकेचं काम आणि तिच्याजवळची औषधं भागतात. ताप, हगवण, खरूज ती गावातच बघते. हाताबाहेरचं रुग्णालयात पाठवते. तिथे एक बारीक भेद केलेला आहे. अवचित आलेल्या दुखण्यासाठी भरती झालं तर उपचार मोफत. मोतीबिंदू, हर्निया, साधं बाळंतपण यांची चाहूल आधीच लागलेली असते, म्हणून त्यांना फक्त सूट. बाकीची तजवीज घराने करायची.

ज्वारीच्या पैशांवर रुग्णालय चालत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. हे रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाचं आहे आणि त्या संस्थेच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र आणि राज्य सरकार उचलतं. तेव्हा असं काही करू पाहणाऱ्या गावाने आधी पाठीशी उभं राहणारं रुग्णालय शोधावं, पावतीपुस्तकं नंतर छापावीत.

आता त्या भागात ज्वारीची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली आहे. वर्गणी रोख घ्यायची झाली तरी ती माल विकल्या आठवड्यातच घ्यावी. कृषी केंद्राची उधारी फिटली की हातात फारसं उरत नाही.