व्हॉल्व्हचं चाक कुठं आहे ते बघा!

तुमच्या गावात नळपाणी योजनेचं काम चालू असेल तर एक दिवस सवड काढून चरापाशी जा आणि गेट व्हॉल्व्हचं चाक कुठल्या बाजूला आहे तेवढं बघा. चाक आभाळाकडे असेल तर खुशाल घरी या. बाजूला वळलेलं असेल तर दोन प्रश्न विचारा. जमिनीकडे असेल तर मात्र माती टाकू देऊ नका, आधी अभियंत्याला बोलवा.

गेट व्हॉल्व्ह, म्हणजे अंदाजपत्रकात ज्याला स्लुस व्हॉल्व्ह लिहितात आणि गावात नुसतं ‘वॉल’ म्हणतात, तो आतून अगदी साधा असतो. चाक फिरवलं की स्पिंडल फिरतो आणि एक लोखंडी दार वर जातं किंवा खाली बसतं. पाइप आडवा, स्पिंडल उभा, अशी त्याची मूळची बैठक. दार वर गेलं की वरच्या टोपीत जाऊन बसतं. खाली आलं की स्वतःच्या वजनानंही सरळ येतं. व्हॉल्व्ह कुशीवर निजवला की हेच वजन एका बाजूच्या खाचेवर पडतं. दार घासत जातं, एकीकडून झिजतं आणि काही वर्षांत कितीही आवळलं तरी पाणी झिरपत राहतं. ग्लँडमधली दोरीही स्पिंडलच्या भाराने एकाच अंगाला दबते आणि तिथून थेंब सुरू होतात.

उलटा बसवलेला व्हॉल्व्ह तर सगळ्यात वाईट. त्याची टोपी खाली येते आणि पाण्यातला गाळ तिच्यात साचतो. उघडताना दाराला त्याच टोपीत शिरायचं असतं, पण तिथं गाळाने घर केलेलं! पावसाळ्यात भातसा आणि काळूचं पाणी कसं गढूळ होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग आपल्याकडे व्हॉल्व्ह आडवे का पडतात? कारण शहापूर-मुरबाडची जमीन. हातभर मुरूम लागला की खाली काळा कातळ. चर हवा तेवढा खोल जात नाही, उभा व्हॉल्व्ह रस्त्याच्या वर डोकं काढतो, ट्रकचं चाक बसेल अशी भीती वाटते. ठेकेदाराचा माणूस मग तो कुशीवर वळवून मोकळा होतो. अडचण खरी आहे, पण इलाज तेवढाच नाही. चेंबरपुरता कातळ फोडता येतो, किंवा व्हॉल्व्ह रस्त्याच्या कडेला दहा पावलं सरकवता येतो.

वळवल्याशिवाय गत्यंतर नसेल तर पूर्ण आडवा करण्याऐवजी तिरपा ठेवा. स्पिंडल आडव्या रेषेच्या जेवढा वर, तेवढं बरं. लहान मापाचा व्हॉल्व्ह आडवा बसवलेला चालून जातो. त्यातही रबराचं आवरण असलेल्या दाराचा, तळाला सपाट असलेला घ्यावा. त्यात खडे अडकायला खाच नसते. मात्र आडवा चालेल असं बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असलं पाहिजे. साधारण ४०० मिलिमीटर आणि त्यापुढचे धातूच्या दाराचे व्हॉल्व्ह आडवे बसवायचे तर दाराला रोलर, पट्ट्या आणि चाकाला गिअर असलेला खास प्रकार मागवावा लागतो.

जलकुंभाखाली वेगळाच प्रकार दिसतो. टाकीतून उभा पाइप उतरतो आणि त्याच्यावरच व्हॉल्व्ह मारतात. दार आडवं झोपतं, रात्रभर बंद असताना वरचा गाळ त्याच्यावर बसतो. खाली बेंड टाकून पाइप आडवा झाल्यावर तिथं चाक वर करून व्हॉल्व्ह बसवला तर हा त्रास राहत नाही. हाताशीही येतो, शिडी लागत नाही.

आता वजनाचं. आडव्या व्हॉल्व्हची टोपी एका बाजूला लोंबते आणि फ्लँजला पीळ देते. आता बहुतेक वाड्यांना एचडीपीई पाइप आहे, त्याला हा पीळ सोसत नाही. व्हॉल्व्हखाली आणि टोपीखाली काँक्रीटची बैठक हवीच. शिवाय आडव्या स्पिंडलला वरून टी किल्ली लागत नाही. वॉलमनला खड्ड्यात उतरून वाकता येईल एवढा चेंबर बांधा, तळाला पाणी निघायला वाट ठेवा.

खरेदी करताना आय.एस. १४८४६ ची खूण बघा आणि दाब विचारा. टाकी आणि वाडी यांच्यात १० मीटर उतार असला की साधारण १ किलोचा दाब येतो. पी.एन. १० म्हणजे सुमारे १०० मीटरपर्यंत. डोंगरावरची टाकी आणि खालचा पाडा यांचं अंतर नुसत्या नजरेने ठरवू नका. आणि खालच्या पाड्याचं पाणी कमी करायला दार अर्धवट उघडं ठेवायची जी सवय आहे, ती मोडा. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा. अर्ध्यावर ते दार थरथरतं, आणि आडव्या व्हॉल्व्हमध्ये तर लवकरच खिळखिळं होतं.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. हिशेब करा. मिनिटाला एक लिटर गळती म्हणजे दिवसाला १,४४० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे एका झिजलेल्या दारातून सव्वीस माणसांचं पाणी गटारात जातं. १८९२ सालापासून तानसाचं पाणी मुंबईला जातंय, पुढे भातसाचंही गेलं, बारवीखाली मुरबाडच्या गावांची जमीन गेली, आणि आपल्या बायाबापड्यांनी मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली. त्या तालुक्यात आलेलं पाणी असं जाऊ देणं परवडणारं नाही.

तेव्हा पाणीपुरवठा समितीच्या मंडळींनो, काम ताब्यात घेण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक चेंबरचं झाकण उघडायला लावा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून पुढच्या नळाला पाणी येतंय का बघा, वॉलमनच्या हातूनच चाक फिरवून घ्या. कुठला व्हॉल्व्ह उभा, कुठला आडवा आणि किती फेऱ्यांत बंद होतो, ते ग्रामपंचायतीच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा.