गावरान कोंबडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गावरान कोंबडी म्हणजे एक ठरावीक जात, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. ‘गावरान’ हे जातीचे नाव नव्हे, राहणीचे वर्णन आहे. परसात फिरणाऱ्या, खुराड्यात झोपणाऱ्या, पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात वाढलेल्या कोंबड्यांना ते लागू होते. देशी पशुपक्ष्यांच्या जातींची नोंद कर्नालचे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरो करते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याची संगमनेरी शेळी त्या नोंदीत आहे, अकोले तालुक्याच्या डोंगरात वावरणारा डांगी गोवंशही आहे. कोंबडी मात्र या जिल्ह्याच्या नावाने नोंदलेली नाही. महाराष्ट्रातून त्या यादीत गेलेली कोंबडी म्हणजे बुसरा. ती नंदुरबारच्या नवापूर भागातली आणि त्याला लागून असलेल्या गुजरातमधली. त्यामुळे जिल्ह्यातल्या पारनेर किंवा कर्जतच्या बाजारात कोणी ‘अस्सल नगरी जात’ म्हणून जास्त दर सांगत असेल, तर त्या दराला आधार नाही. जिल्ह्यातल्या गावरान कोंबड्या किमती आहेत, पण त्या एका छापाच्या नाहीत. तांबड्या, काळ्या, करड्या, ठिपकेदार, उघड्या मानेच्या असे सगळे रंगरूप एकाच वाड्यात दिसते.

हरिश्चंद्रगड, भंडारदरा परिसरात रानकोंबडा आरवतो म्हणून गावरान कोंबडी त्याच्यापासूनच आली, असेही सांगितले जाते. सह्याद्रीतला तो करडा रानकोंबडा वेगळ्या प्रजातीचा आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तरी नाते अगदीच नाही असे नाही. पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळेपणा ज्या जनुकामुळे येतो, ते करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले.

तपकिरी अंडे म्हणजे गावरान अंडे, ही समजूत ग्राहकाच्या खिशाला थेट कात्री लावते. कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर ठरतो, खाण्यावर किंवा मोकळ्या फिरण्यावर नाही. पिंजऱ्यात वाढणारे, तपकिरी अंडी देणारे व्यापारी वाण आहेतच. रंगामुळे अंड्याची पौष्टिकताही वाढत नाही. पिवळ्या बलकाचा गडदपणा हिरवा पाला, मका अशा खाद्यातून येतो आणि तो खाद्यात रंगद्रव्य घालूनही आणता येतो.

गावरान कोंबडीची खरी ओळख तिच्या पिसांत नाही, तिच्या खुडूकपणात आहे. दहा-पंधरा अंडी घातल्यावर ती घालणे थांबवते, पिसे फुलवून खुराड्यात बसून राहते, कोणी जवळ गेले की चोच मारते. पुष्कळांना हा दोष वाटतो आणि खुडूक मोडण्यासाठी तिला पाण्यात बुचकळतात. अंड्यांच्या धंद्याच्या दृष्टीने तो दोषच आहे. व्यापारी वाणांतून खुडूकपणा निवडीने काढून टाकला, म्हणून त्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देतात. गावरान कोंबडी साधारण साठेक अंड्यांवर थांबते, कारण तिचे उरलेले दिवस उबवण्यात आणि पिले सांभाळण्यात जातात. पण परसातल्या कळपाला यंत्राशिवाय, विजेशिवाय पुढची पिढी मिळते ती याच गुणामुळे. खुडूक कोंबडी हे त्या घराचे उबवणी केंद्र आहे, आणि तिला बुचकळणे म्हणजे ते बंद पाडणे.

कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत, असे मानून काही घरांत उगाच दोन-तीन कोंबडे सांभाळतात. अंडी कोंबड्याशिवायही मिळतात. त्यांतून पिले मात्र निघत नाहीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरेसा होतो. उबवणीसाठी आठवड्याच्या आतली, न धुतलेली दहा-बारा अंडी निवडावीत आणि कोंबडीखाली ठेवेपर्यंत थंड जागी, टोकाकडची बाजू खाली करून राखावीत. पिले 21 दिवसांनी निघतात. नगरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, साठवलेल्या अंड्यांतला जीव बसवण्याआधीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. एप्रिल-मेमध्ये बसवलेली अंडी वाया जातात याचे कारण पुष्कळदा हेच असते, कोंबडीचा दोष नव्हे.

गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया यांनाही बाजारात गावरान म्हणतात. गिरिराज बंगळूरच्या, तर वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झाल्या. परसासाठी त्या चांगल्या आहेत, गावरानपेक्षा जास्त अंडी देतात; पण त्या संकरातून घडलेल्या असल्याने घरच्या घरी पुढची पिढी काढली की गुण विस्कटतात. यांच्यातला कोंबडा गावरान कळपात सोडला, तर दोन-तीन पिढ्यांत गावरान वाण हरवतो.

कडकनाथची गोष्ट वेगळी. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआची, 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जात. कातडी, मांस, हाडेही काळी. अंडी मात्र काळी नसतात, फिकट तपकिरी असतात. काळे मांस रोग बरे करते, या दाव्याला आधार नाही. पिले देऊन अंडी चढ्या भावाने परत घेण्याच्या आश्वासनावर महाराष्ट्रातले अनेक शेतकरी फसले. 2019 मध्ये सांगली भागातला असा घोटाळा उघडकीस आला.

गावरान कोंबडीला रोग होत नाहीत, हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आठवड्याभरात अख्खे खुराडे रिकामे करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा लस, पुढे पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी पुढची मात्रा, शिवाय देवीची लस गावरानलाही लागते. ती काही न घालता जगते, हेही खरे नाही. उकिरडा आणि गोठा पोट भरतात, तरी संध्याकाळी मूठभर बाजरी किंवा ज्वारी आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा हवा. पिलांना पहिले दोन महिने घार, मुंगूस आणि मांजरापासून डालग्याखाली राखावे लागते.

वाण मिळवण्याची खात्रीची जागा दुचाकीवरचा पिलेवाला नव्हे. त्याच्याकडची रंगवलेली पिले बहुधा व्यापारी अंडी-वाणाचे नर असतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे घराघरांतून जमवून जपले, कोंबडीचा वाणही तसाच घरातून घरात जातो. जिथे कोंबड्या स्वतः बसतात आणि बाहेरचा कोंबडा येत नाही, अशा दोन-तीन घरांतून उबवणीची अंडी आणावीत आणि कोंबडा वेगळ्या घरातला घ्यावा, म्हणजे सख्ख्यांचा संकर टळतो. शासकीय योजनेतून 25 तलंगा (तरुण माद्या) आणि 3 नरांचा गट 50 टक्के अनुदानावर दिला जातो. त्यात बहुधा सुधारित पक्षी येतात, म्हणून अर्ज करण्याआधी पशुसंवर्धन विभागाकडे किंवा बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रांकडे वाणाची चौकशी करावी.